गावाचे ओटीपी एकाच पोराच्या फोनवर : कापसाच्या हंगामातले एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावाचे आहे. ओळख पटू नये म्हणून तालुका, गाव आणि माणसांची नावे दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. काळ २०२५ च्या पोळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा. सरकारी कामाचा सगळा भार एकदोन मोबाइलवाल्या पोरांवर असलेली गावे विदर्भात पुष्कळ आहेत. तिथल्या ग्रामपंचायतींना, शाळांना आणि खुद्द त्या पोरांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

गावात कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन. तालुक्याचे ठिकाण १४ किलोमीटरवर. बँकेची शाखा गावात नाही, सेवा केंद्र शेजारच्या मोठ्या गावात. प्रकरणाच्या मध्यभागी असलेला मुलगा २००५ चा जन्मलेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. टाळेबंदीत शाळा फोनवर आली आणि घरातला एकमेव स्मार्टफोन त्याच्या हाती गेला, तो कायमचाच.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तलाठ्याने करायची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, फोटो काढून, अ‍ॅपवर करायची होती. आजोबांच्या शेताची नोंद या मुलाने पहिल्याच दिवशी करून दिली. मग आळीतल्या चार जणांची केली, मग पलीकडच्या आळीचे लोक आले. त्यानंतर कामे वाढतच गेली. पीएम-किसानची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली. २०२३ च्या खरिपात एक रुपयातला पीकविमा आला. २०२५ च्या सुरुवातीला फार्मर आयडी आला आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. सप्टेंबरमध्ये भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी मागितली.

यातले प्रत्येक काम आधी मोबाइल नंबर विचारते. म्हातारी माणसे सांगत, “तुयाच नंबर टाक ना बाप्पा. माया फोन तं नुस्ता बोलाचा हाय, अन् रिचार्ज कवा संपते तेबी मले समजत नाई.” त्यात चूक काही नव्हती. जुलै २०२४ मध्ये रिचार्जचे दर वाढल्यावर अनेक घरांनी म्हाताऱ्यांचा नंबर सोडून दिला होता. बंद नंबर देण्यापेक्षा चालू असलेला, घरोब्यातल्या पोराचा नंबर देणे शहाणपणाचेच वाटत होते.

पोळ्यानंतर मुलगा चाकणला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून रुजू झाला. त्या वेळी गावातल्या ३८ घरांच्या कुठल्या ना कुठल्या सरकारी किंवा बँकेच्या नोंदीत त्याचा नंबर होता. त्यातल्या २३ माणसांच्या तर थेट आधारलाच तो जोडलेला होता. ही संख्या तेव्हा कोणालाच माहीत नव्हती, त्या मुलालाही नाही.

अडचण कशी वाढत गेली

पहिले दोन महिने गावाला त्याची उणीव जाणवली नाही. ओटीपी त्याच्याच फोनवर येत असल्यामुळे पाळी संपली की तो खोलीवर बसून कामे उरकायचा. कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, पावतीचा स्क्रीनशॉट परत जायचा. कपास किसानची १४ घरांची नोंदणी त्याने अशीच केली. सगळ्यांसाठी एकच नंबर नको म्हणून दोन घरांना आपला नंबर दिला आणि बाकीच्या बारांना पाच मित्रांचे नंबर वाटून दिले. मित्र गावचेच होते, पण त्यातले चौघे पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला कामाला होते.

दिवाळीची सुट्टी संपवून परतताना ट्रॅव्हल्समध्ये त्याचा फोन गेला.

इथे पहिला निर्णय झाला, आणि पुढचे बरेच काही त्यातून निघाले. जुन्या नंबरचे सिम काकांच्या नावावर होते, कारण १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही आणि ते घेतले तेव्हा तो लहान होता. डुप्लिकेट सिमसाठी काकांनाच आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जावे लागणार होते. काका वेचणीत अडकलेले. मुलाने त्याच दिवशी स्वतःच्या नावावर नवा नंबर घेतला, घरी कळवला आणि जुन्याचे “पाहू मंग” म्हणून ठेवले. घरच्यांशी बोलण्यापुरता त्याचा प्रश्न सुटला होता. ३८ घरांचा प्रश्न मात्र तिथे सुरू झाला.

नोव्हेंबरच्या मध्यावर तीन गोष्टी एकदम उघड्या पडल्या.

सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा) होऊन पहिला वेचा घरात आला होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. व्यापारी त्याहून कमी देत होते. महामंडळाच्या खरेदी केंद्रावर माल न्यायचा तर अ‍ॅपवर आधी स्लॉट, म्हणजे माल आणायची ठरलेली वेळ, घ्यावा लागतो, आणि अ‍ॅप उघडायला नोंदवलेल्या नंबरचा ओटीपी लागतो. मित्रांपैकी तिघांचे फोन पाळीच्या वेळात गेटवर जमा असायचे. “काका, ड्युटीत फोन संग ठेवू देत नाई. चार वाजता सुटलो का सांगतो,” हे उत्तर ऐकेपर्यंत त्या दिवसाचे स्लॉट भरलेले असत.

१९ नोव्हेंबरला पीएम-किसानचा २१ वा हप्ता सुटला. एका विधवा आजीचे दोन हजार आल्याचा मेसेज गेला हरवलेल्या फोनच्या नंबरवर. आजींना काहीच कळले नाही. “मायावाले दोन हजार कुठी गेले रे?” हा प्रश्न पारावर दोन दिवस फिरला आणि तिसऱ्या दिवशी त्याला मुलाचे नाव चिकटले.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर होती, पण बोभाटा तिचाच सर्वांत कमी झाला. हरवलेल्या फोनच्या गॅलरीत ३८ घरांची आधारकार्डे, पासबुके आणि सातबारे होते. फोनला पॅटर्नचे कुलूप होते, एवढाच काय तो आधार. फोन दुरून पुसायचा तर आधी गुगल खात्यात शिरायला हवे. ते खाते फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेले, पासवर्ड मुलाने कधी स्वतः टाकलेला नाही, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर तोच, हरवलेल्या सिमचा. फोटोंची नक्कल गुगलवर असेल असा सगळ्यांचा समज होता. पण १५ जीबीची मोफत जागा कधीच भरली होती आणि नक्कल होणे त्यापूर्वीच थांबले होते. पावत्या त्या एका फोनमध्येच होत्या.

पोरांना काय येत होते आणि काय नाही

गाव एक गोष्ट गृहीत धरून चालले होते: फोन चालवणाऱ्याला फोनमधून होणारे प्रत्येक काम येते. ही समजूत गावापुरती नाही. २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने डिजिटल जगात जन्मलेली पिढी आणि त्या जगात बाहेरून आलेली पिढी असा फरक मांडला, आणि तो जगभरच्या शाळांमध्ये पसरला. २०१७ मध्ये पॉल किर्शनर आणि पेद्रो डी ब्रुकेअर यांनी संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले की केवळ त्या काळात जन्मल्याने अशी काही खास क्षमता येत नाही. गावातली १७ ते २२ वयाची आठ-नऊ पोरे एकत्र बसवल्यावर जे दिसले ते याला धरूनच होते.

त्यांचा हात विजेसारखा चालत होता. नवे अ‍ॅप, नवी स्क्रीन, कोणाला भीती नाही. व्हिडिओ कापणे, जोडणे, गाणे बसवणे हे काम दहा मिनिटांचे. अडखळणे सुरू व्हायचे ते कागदाशी गाठ पडली की.

सातबारा जोडा म्हटले की ते कागदाचा फोटो काढायचे. फाइल तीन-चार एमबीची निघायची, संकेतस्थळ घ्यायचे नाही. मग त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून लहान करायचे, आणि त्यात गट क्रमांकच वाचता यायचा नाही. फोनमधल्या ड्राइव्ह अ‍ॅपने कागद स्कॅन केला तर सरळ पीडीएफ होते, हे एकालाही ठाऊक नव्हते. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो, कामाला लागतो तो महाभूमीवरचा १५ रुपयांचा डिजिटल स्वाक्षरीचा, हा फरकही माहीत नव्हता.

नावांचा घोळ त्यांना घोळ वाटतच नव्हता. सातबाऱ्यावर मराठीत एक नाव, आधारवर इंग्रजीत एक अक्षर जास्त, पासबुकावर वडिलांचे नाव आधी. माणूस एकच आहे हे त्यांना दिसते, त्यामुळे यंत्राला दिसणार नाही हे सुचत नाही. बँकेच्या बाबतीतही तेच झाले. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. पासबुकावर जुने नाव, यादीत नवे, म्हणून दोन पोरांनी यादीत जवळपास दिसणारी तिसरीच बँक निवडून टाकली होती.

सर्वांत महाग पडले ते ‘झाले’ या शब्दाबद्दलचे गैरसमज. पडद्यावर हिरवी खूण आली की काम झाले, असे ते मानायचे. रील टाकली की दिसते, पैसे पाठवले की पोचतात, त्यांना माहीत असलेल्या बहुतेक अ‍ॅपचा हाच अनुभव. सरकारी अर्जात मात्र पाठवणे, तपासणे आणि मंजूर होणे या वेगवेगळ्या पायऱ्या असतात आणि मधल्या प्रत्येक पायरीवर एक माणूस बसलेला असतो. कपास किसानच्या १४ नोंदण्यांपैकी चार तपासणीतच अडकलेल्या निघाल्या. तीन ठिकाणी कागद अस्पष्ट होता. चौथ्या ठिकाणी सातबाऱ्यावर त्या गटात सोयाबीन लागले होते, कारण ऑगस्टमध्ये पीक पाहणी करताना यादीतले शेजारचे पीक बोटाखाली आले होते. अशी चूक स्वतः दुरुस्त करायला नोंदीनंतर ४८ तास मिळतात. ते निघून गेल्यावर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडेच (पूर्वीचे तलाठी) जावे लागते. मुलाने स्क्रीनशॉट पाठवून सांगितले होते, “झालं काका तुमचं.” त्याला खरेच तसे वाटत होते.

पुढे आले ते पर्याय

२२ नोव्हेंबरच्या सुमारास सरपंच, एक निवृत्त शिक्षक, मुलाचे काका आणि बचत गटाच्या दोन ताई बसल्या. मुलगा फोनवर होता. चार वाटांवर बोलणे झाले.

पहिली, डुप्लिकेट सिम काढा आणि पूर्वीसारखे चालू द्या. एका दिवसाचे काम, खर्च नगण्य. अर्ध्या बैठकीला हेच हवे होते. पण ते सिम ठेवायचे कोणाकडे? मुलाकडे चाकणला गेले तर गेटचा प्रश्न तसाच. काकांकडे राहिले तर ३८ घरांचे ओटीपी काकांच्या खिशात.

दुसरी, सगळे सेवा केंद्रावर सोपवा. तिथे अंगठ्यावर ई-केवायसी होते, ओटीपी लागत नाही. अडचण दोन ठिकाणी होती. वेचणी करणाऱ्यांच्या आणि वयस्कर माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा घेत नाही. आणि घाईगर्दीच्या दिवसांत केंद्रचालकही अर्जात स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो, म्हणजे पोराच्या जागी केंद्रवाला आला एवढेच.

तिसरी, प्रत्येकाच्या नोंदीत त्याच्या घरातला नंबर घाला. आधारचा मोबाइल नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, पण तेव्हा माणूस स्वतः हजर लागत होता आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये झाले होते. वेचणीच्या दिवसांत रोज पाडून तालुक्याला जाणे हा खरा खर्च.

चौथी वाट शिक्षकांनी सुचवली: म्हाताऱ्यांनाच शिकवू. हंगामात ते होणे नव्हते. पण त्यातला एक तुकडा उचलला गेला आणि तो पुढे फार कामी आला, तो म्हणजे मेसेज ओळखायला आणि ओटीपीचे आकडे वाचायला शिकवणे.

ठरले ते असे: पहिली वाट फक्त पंधरा दिवसांसाठी, अडकलेला कापूस आणि खाती मोकळी करण्यापुरती. मुख्य काम तिसरे. दुसरीचा उपयोग ज्यांच्याकडे फोन ठेवणारे कोणीच नाही त्यांच्यापुरता. मुलाचा नंबर कायम ठेवायचा नाही, या मुद्द्यावर सरपंच ठाम राहिले, ते बरे झाले. त्या एका आग्रहामुळे हे प्रकरण तात्पुरत्या डागडुजीवर संपले नाही.

काय केले

सुरुवात आजीच्या दोन हजारांपासून झाली, आणि हा क्रम मुद्दाम ठेवला होता. बचत गटाची ताई आजीला घेऊन बँकेत गेली आणि पासबुक छापून आणले. हप्ता खात्यात जमा होता, काढलेला नव्हता. ते पान बैठकीत सगळ्यांना दाखवले. चार वर्षे फुकटात राबलेल्या पोरावर चोरीचा आळ राहिला असता तर दुसरे कुठलेही पोर पुढे आले नसते.

दुसऱ्या दिवशी काकांनी डुप्लिकेट सिम काढले. सिम बदलल्यावर २४ तास मेसेज बंद ठेवतात, हे आधी माहीत नसल्याने त्या दिवशी सकाळी ठेवलेले सगळे बेत कोलमडले. सिम चालू झाल्यावर त्यावरचा पहिला ओटीपी मुलाच्या गुगल खात्यासाठी वापरला. पासवर्ड बदलला आणि हरवलेला फोन पुसण्याची आज्ञा दिली. तो फोन पुन्हा नेटवर आला तरच ती लागू होते. सोबत पोलिसांत तक्रार, तिची प्रत आणि खोक्यावरचा आयएमईआय (त्या फोनचा ओळख) क्रमांक घेऊन संचार साथीच्या संकेतस्थळावर फोन ब्लॉक केला. त्याने फोन नेटवर्कवर चालणे थांबते, आतले फोटो मात्र पुसले जात नाहीत. हे ३८ घरांना स्पष्ट सांगितले.

मग वही. दोनशे पानी रजिस्टर, एका घराला एक पान. पानावर गट क्रमांक, आधारला जोडलेला नंबर, बँकेतला नंबर, पीएम-किसानचा, फार्मर आयडीचा, कपास किसानचा. आधार क्रमांक पूर्ण लिहायचा नाही, शेवटचे चार आकडे. आधारला कुठला नंबर आहे हे कित्येकांना आठवत नव्हते. आधारच्या संकेतस्थळावर आधार पडताळणी केली की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात, त्याला ओटीपी लागत नाही. २३ हा आकडा तेव्हाच कळला.

वही भरल्यावर क्रम लावला: ज्यांचा कापूस घरात पडून आहे ते आधी, मग ज्यांची ई-केवायसी बाकी, मग उरलेले. स्लॉटसाठी बाहेरगावच्या मित्रांशी वेळ बांधून घेतली. पाळीआधी, सकाळी गेटवर फोन देण्यापूर्वी, ओटीपी फोनवर वाचून सांगायचा, आणि इकडे काकांच्या ओसरीवर अ‍ॅप उघडून ठेवायचे. कापूस वाळवूनच न्या, असे वहीत प्रत्येक पानावर लिहिले होते. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. स्लॉट मिळवून माल परत आणण्यासारखी पायपीट नाही.

आधारचे नंबर बदलायला सुरुवातीला पाच-पाच माणसे तालुक्याला नेली. दुसऱ्या खेपेला केंद्रातली गर्दी पाहून शिक्षकांनी पोस्टात चौकशी केली. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात. एकत्र अर्ज दिल्यावर डाकसेवक यंत्र घेऊन दोन दिवस गावात आले. हा मार्ग पहिल्या दिवशी कळला असता तर दहा माणसांचा रोज वाचला असता.

नंबर घरचा हवा, पण कोणाचा? इथे दुसरा महत्त्वाचा निर्णय झाला. बहुतेक घरांचा कल मुलाचा नंबर देण्याकडे होता. ताईंनी सुचवले की वर्षभर गावातच राहणाऱ्या माणसाचा नंबर द्या, आणि बहुतेक घरांत ती माणसे म्हणजे सुना आणि बायका. ओटीपी साध्या कीपॅड फोनवरही येतो. नऊ घरांनी जुना कीपॅड फोन काढून, नुसते बोलणे आणि एसएमएस असलेला पॅक मारून, तो फोन फक्त या कामासाठी ठेवला.

नंबर बदलल्यावर, त्याच नव्या नंबरवरून, ज्यांना हवे होते त्यांच्या आधारचे बायोमेट्रिक, ठसे कोणाला परस्पर वापरता येऊ नयेत म्हणून, कुलूपबंद केले. अंगठा न उमटणाऱ्यांची पीएम-किसानची ई-केवायसी अ‍ॅपवर चेहरा दाखवून झाली.

आता काम करणारी माणसे. मुलाच्या जागी दुसरा मुलगा नको होता. पाच जण निवडले, त्यात दोन मुली. त्यांतली एक, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, कागद वाचण्यात सगळ्यांत सरस निघाली, पण तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. हे अपवाद म्हणावे असे नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. गाव ‘मोबाइलवाले’ शोधते तेव्हा मुली आपोआप बाहेर राहतात. ग्रामपंचायतीचा एक जुना टॅब कपाटात होता, तो तिला दिला.

तिची गरज आठवड्यातच पडली. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएम-किसानच्या नावाने एक फाइल आली आणि हप्त्याच्या गडबडीत पाचांपैकी एकाने ती चांगल्या मनाने पुढे पाठवली. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ आहे, म्हणजे तो कागद नसून अ‍ॅप आहे, हे तिच्या लक्षात आले. असे अ‍ॅप फोनमध्ये शिरले की मेसेज वाचून ओटीपी बाहेर पाठवू शकते. तोवर एका शेतकऱ्याने ते टाकून घेतले होते. फोन लगेच विमान मोडवर टाकला, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवले, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग फोन पूर्ण रिसेट केला. पैसे गेले नाहीत. नव्या अ‍ॅपला न घाबरण्याचा जो गुण गावाला हवाहवासा वाटत होता, त्याच गुणामुळे ती फाइल पुढे गेली होती.

त्यानंतर पाचांसाठी नियम ठरले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. कुठल्याही अर्जात स्वतःचा नंबर टाकायचा नाही. ओटीपी मालकाने वाचायचा आणि मालकाच्या समोरच भरायचा. कागदाचा फोटो काम झाले की मालकासमोर पुसायचा, गॅलरीतूनही आणि कचरापेटीतूनही. पावतीचा क्रमांक मालकाच्या स्वतःच्या वहीत लिहायचा. ‘झाले’ म्हणायचे नाही; ‘पाठवले’, ‘तपासणीत’ किंवा ‘मंजूर’ यांपैकी एक सांगायचे. हा शेवटचा नियम पोरांना सुरुवातीला फाजील वाटला होता. पंधरवड्यात तोच सर्वांत जास्त पाळला जाऊ लागला, कारण त्यामुळे रोजचे “माह्यं झालं का?” कमी झाले.

परिणाम

डिसेंबरअखेर आधारच्या २३ पैकी २० नंबर बदलले. उरलेल्यांत एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आणि दोघे लेकाकडे नागपूरला. बँकेतले नंबर शाखेत अर्ज देऊन बदलले गेले, तिथे वेळ लागला पण अडले नाही. कपास किसानच्या १४ घरांपैकी दहांचा माल हमीभावाने गेला. तीन घरांनी वाट न पाहता व्यापाऱ्याला घातला, त्यात दोघांच्या घरी लग्नाचा खर्च होता. सोयाबीन लागलेल्या गटाची दुरुस्ती महिनाअखेरपर्यंत प्रलंबित होती.

हरवलेला फोन सापडला नाही. त्यातल्या कागदांचा गैरवापर झाल्याचे डिसेंबरअखेर तरी कोणाच्या निदर्शनास आले नव्हते.

मुलगा चाकणलाच आहे. आजींनी त्याला फोन करून बोलावून घेतले, येईल तेव्हा जेवायला ये म्हणून. पाच जणांना एका अर्जामागे २० रुपये घ्यायची मुभा बैठकीने दिली. दोघे घेतात, तिघे घेत नाहीत. आमच्या मते सगळ्यांनी घ्यावेत. फुकट होणाऱ्या कामाचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि हिशेब नसला की नोव्हेंबरसारखा संशय पुन्हा उभा राहायला वेळ लागत नाही.

वेगळे काय करता आले असते

२०२१ मध्ये पहिल्या दहा घरांची नोंद झाली तेव्हाच नंबरांची यादी लिहून ठेवता आली असती. त्या वेळी ते अर्ध्या तासाचे काम होते. त्याहून मोठी संधी फार्मर आयडीच्या वेळी गेली. तेव्हा आधारचा ओटीपी लागला होता, म्हणजे प्रत्येक घराचा नंबर कुठे आहे हे समोर दिसत होते. काम उरकण्याच्या घाईत तो तपशील कोणी टिपून घेतला नाही.

मुलगा गाव सोडणार हे महिनाभर आधी ठरले होते. शिक्षकाची बदली झाली तर कार्यभार देण्याघेण्याची रीत आहे, दूध संकलनाचा माणूस बदलला तरी वह्या तपासल्या जातात. इथे ३८ घरांचा कारभार ट्रॅव्हल्समध्ये बसून निघून गेला आणि निरोपाला मारुतीच्या देवळापाशी नारळ फुटला. जाण्याआधी पंधरा दिवस दोन पोरांना त्याच्यासोबत बसवले असते, त्याच्या गॅलरीतले कागद पुसले असते आणि सिम काकांच्या नावावरून त्याच्या नावावर केले असते, तर दिवाळीनंतरच्या त्या प्रवासात फक्त फोनच गेला असता.

आणखी एक मुद्दा शाळेचा. गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना संगणकाचा तास आहे, पण त्यात पीडीएफ कशी करायची, अर्जाची स्थिती कशी पाहायची, स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड कसा परत मिळवायचा, हे नाही. निवृत्त शिक्षकांनी मुख्याध्यापकांशी बोलून शनिवारचा एक तास मागितला आहे. पहिल्या तासाला मुले स्वतःच्या घरचा स्वाक्षरीचा सातबारा काढतील, त्यावरचे पीक शेतातल्या पिकाशी ताडून पाहतील आणि फरक असेल तर तो लिहून आणतील.

२६ जानेवारी २०२६ च्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तीन गोष्टी घातल्या होत्या: नंबरांची वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात राहील आणि दर खरिपाआधी तपासली जाईल, टॅबच्या डेटाचा खर्च ग्रामनिधीतून होईल, आणि अंथरुणावरच्या आजोबांसाठी डाकसेवकांना घरी बोलावण्याचा अर्ज ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी जाईल.